आधी वायर बदलून पाहा



गेल्या अंकात आम्ही इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी आणि किती घालावे याबद्दल लिहिले होते. त्यावर आलेल्या शंकांची उत्तरे पुढच्या महिन्यात देऊ. या महिन्यात आमच्याच घरात एक प्रकरण घडले. त्यात आमची फजिती झाली आणि थोडे नुकसानही झाले. ते आधी सांगतो, कारण ही चूक आपल्यापैकी कुणाच्याही घरी होऊ शकते.

आमचे वालिद १९८३ साली कुवेतला नोकरीला गेले. कोकणातल्या आमच्या गावात तेव्हा फोन नव्हता. ट्रंककॉल लावायचा तर तालुक्याच्या पोस्टात जाऊन बसावे लागे, आणि लागलाच तर तीन मिनिटांत सगळे बोलून संपवावे लागे. पत्रे यायची, पण आमच्या दादीला वाचता येत नव्हते. म्हणून अब्बा कॅसेट पाठवायचे. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून साबण, अत्तर आणि टॉर्चच्या जोडीला एक कॅसेट यायची. पहिल्या खेपेला त्यांनी नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन पाठवला होता. त्याच्याभोवती सगळे घर बसायचे. अब्बा एकेकाचे नाव घेऊन बोलायचे. ऐकून झाले की त्याच कॅसेटवर आमची उत्तरे भरून ती परत जाणाऱ्याच्या हाती द्यायची. त्यामुळे बहुतेक कॅसेटवरचा अब्बांचा आवाज आम्हीच पुसला. आखाती देशांत माणूस असलेल्या कितीतरी घरांत हेच चालायचे. वाचकांपैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. तिथल्या लाखाहून अधिक भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणले गेले. अब्बा त्यांच्यात होते. हातात एक पिशवी घेऊन ते घरी आले. बाकीचे सगळे तिकडेच राहिले. १९९६ साली ते वारले. आमची सर्वांत धाकटी बहीण तेव्हा दोन वर्षांची होती.

या ईदला ती माहेरी आली होती. जेवणानंतर बोलता बोलता तिने विचारले, “भाईजान, अब्बांचा आवाज कसा होता हो?” आम्हाला उत्तर देता आले नाही. आवाज शब्दांत सांगायचा कसा? अम्मी काही न बोलता उठल्या आणि कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत चार कॅसेट होत्या. परत पाठवायच्या राहून गेलेल्या. आमच्या खालांकडेही अशा दोन-तीन होत्या. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात त्या गेल्या. म्हणून या चार कॅसेट संगणकात उतरवायच्या, असे त्याच रात्री ठरले.

त्यासाठी यूएसबी ऑडिओ कन्व्हर्टर लागतो. टेबलावर राहील एवढा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा डबा. कॅसेटमधून आवाज वर-खाली होणाऱ्या विजेच्या रूपात येतो. संगणकाला फक्त आकडे कळतात. हा डबा त्या विजेचे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतो आणि प्रत्येक मापाचा आकडा यूएसबीच्या वायरीतून संगणकाकडे पाठवतो. ऐकायच्या वेळी तोच डबा उलटे काम करतो, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करतो. फक्त ऐकण्यासाठी मिळणाऱ्या तसल्या डब्याला डीएसी म्हणतात. खाली लिहिलेले बरेचसे त्यालाही लागू आहे, आणि मुलांच्या ऑनलाइन वर्गासाठी आणलेल्या यूएसबी हेडफोनलाही.

पहिल्या रात्रीची फजिती

शहरातल्या दुकानातून डबा आणला. घरच्या जुन्या संगणकाला जोडला. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. आम्ही खूश. अब्बांची एक कॅसेट टू-इन-वनमध्ये घातली आणि प्ले दाबले. संगणकावर काही नाही. वायर काढून पुन्हा लावली, कॅसेट मागे घेतली, प्ले दाबले. काही नाही. संगणक बंद करून चालू केला, पुन्हा प्ले. काही नाही. चौथ्या वेळी टू-इन-वनमधून कर्र असा आवाज आला आणि आम्ही बटण दाबेपर्यंत टेप आतल्या रबरी चाकाला गुंडाळली गेली होती.

अम्मी समोरच बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “हळू काढ.” चिमटा आणि पेन्सिल घेऊन आम्ही अर्धा तास ती टेप सोडवत होतो. तुटली नाही, पण हातभर लांबी चुरगळली. कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. हिशेब केला, तर दहा-बारा सेकंदांचे बोलणे त्या चुरगळलेल्या जागेवर होते.

त्या रागात आम्ही दुकानदाराला फोन केला आणि खराब माल दिलात, असे बरेच काही बोललो. तो शांतपणे म्हणाला, “सर, वायर कोणती लावलीत? डब्यात होती तीच का?” डब्यातली वायर आखूड होती. टेबलाच्या पलीकडे पोचत नव्हती. म्हणून आम्ही मोबाइलच्या चार्जरची लांब वायर लावली होती. “ती काढा, माझी लावा, आणि मग मला बोला,” तो म्हणाला.

आम्ही त्याची वायर लावली. संगणकाने टुडुंग करून डबा ओळखला. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन आम्ही त्या माणसाची माफी मागितली. माफी मागता येते. ते दहा-बारा सेकंद परत मागता येत नाहीत.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा बारावीला आहे. त्याने दुसऱ्या दिवशी एक वही आणली आणि म्हणाला, “मामू, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते लिहायचे. आणि नानांची कॅसेट शेवटी लावायची. तोपर्यंत ही.” त्याने बाजारातून दहा रुपयांत जुन्या सिनेमाच्या गाण्यांची एक कॅसेट आणली होती. आम्ही वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतो. चूक कुठे आहे ते आधी शोधा, मग खोडा, असे मुलांना वीस वर्षे सांगत आलो. घरी मात्र आम्ही चूक न शोधताच खोडायला निघालो होतो. पुढचे सहा मुद्दे त्या वहीतले आहेत.

१. दिवा लागला म्हणजे काम झाले असे नाही

साध्या यूएसबी वायरीच्या आत चार बारीक तारा असतात. दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. काही स्वस्त चार्जिंगच्या वायरींत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशी वायर लावली की डब्याला वीज मिळते आणि दिवा लागतो, पण संगणकाला डबा आहे हेच कळत नाही. आमचे नेमके हेच झाले.

वायर तपासायची सोपी रीत आहे. तीच वायर लावून मोबाइल संगणकाला जोडा. मोबाइलच्या पडद्यावर फाइल ट्रान्सफरचा पर्याय येत असेल, तर वायर पूर्ण आहे. नुसते चार्जिंग होत असेल, तर बहुधा ती चार्जिंगपुरतीच आहे. तिच्यावर चिकटपट्टी लावून ‘फक्त चार्जिंग’ असे लिहून ठेवा, म्हणजे पुन्हा घोळ होणार नाही. काही डब्यांना प्रिंटरला असते तशी चौकोनी पिन असते. तिथे प्रिंटरची वायर चालते. वायर पाच मीटरपेक्षा लांब असू नये. एक-दीड मीटरची सर्वांत चांगली. पिन हलवल्यावर दिवा लुकलुकत असेल, तर पिन सैल आहे. ती वायर बाद करा.

२. पुढचे पोर्ट की मागचे?

वायर बदलल्यावर दुसरी तक्रार सुरू झाली. डबा जोडलेला दिसायचा, चार-पाच मिनिटे चालायचा, मग टुडुंग असा आवाज येऊन गायब व्हायचा. थोड्या वेळाने आपोआप परत यायचा. हे वीज पुरत नसल्याचे लक्षण आहे.

संगणकाच्या ज्या मोठ्या पेटीला आपण सगळे सीपीयू म्हणतो, तिच्या पुढच्या बाजूचे यूएसबी पोर्ट आतल्या एका लांब वायरीने मुख्य बोर्डाला जोडलेले असतात. मागचे पोर्ट थेट बोर्डावरच असतात. जुन्या यंत्रात पुढची जोडणी सैल होते, गंजते, वापरून ढिली पडते. म्हणून असली वस्तू नेहमी मागच्या पोर्टला लावावी. वाकावे लागते, पण निम्मी दुखणी तिथेच संपतात.

आमचा गुन्हा याहून मोठा होता. आम्ही पुढच्या पोर्टला चार तोंडांचा एक हब लावला होता. त्यावर कीबोर्ड, माउस, हा डबा, आणि चौथ्या तोंडाला लेकीचा मोबाइल चार्जिंगला. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टची आणि जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर वीज मिळायची असते. हबला स्वतःचा अॅडॉप्टर नसेल, तर त्या चारही वस्तू मिळून तेवढ्यातच भागवतात. आमच्या डब्याच्या पाठीवरच ‘५ व्होल्ट, ५०० मिलीअँपिअर’ असे छापले होते. एका माणसाच्या जेवणावर चार पाहुणे बसवले होते आणि वर विचारत होतो की हा मध्येच का उठतो.

हब काढला. डबा एकटा मागच्या पोर्टला लावला. टुडुंग थांबले. आतून निळ्या रंगाचे पोर्ट बहुधा यूएसबी ३.० चे असतात. त्यांची मर्यादा ९०० मिलीअँपिअर असते. तसे पोर्ट असेल तर ते वापरून पाहा. हब वापरणे भागच असेल, तर स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब घ्या.

३. पिन बसते म्हणून अॅडॉप्टर चालतो असे नाही

काही डब्यांना पाठीमागे बाहेरून वीज देण्यासाठी वेगळे गोल छिद्र असते. आमच्या डब्यालाही आहे. हब काढण्याआधी भाच्याने ते पाहिले आणि वायफायच्या राउटरचा अॅडॉप्टर काढून आणला. पिन अगदी नीट बसत होती. आम्ही त्याचा हात धरला तो वेळेवर. राउटरच्या अॅडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिले होते. डब्याला हवे होते ५.

विजेचा हिशेब पाण्याच्या टाकीसारखा समजा. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. टाकी जितकी उंच, तितका पाण्याचा जोर. अँपिअर म्हणजे टाकी एका वेळी किती पाणी देऊ शकते ते. जोर बरोबर तेवढाच हवा. ५ च्या जागी १२ दिला, तर आतले नाजूक भाग क्षणात जळू शकतात. अँपिअर मात्र जास्त असले तरी बिघडत नाही, कारण वस्तू आपल्याला लागेल तेवढेच घेते. म्हणजे ५ व्होल्ट १ अँपिअर मागणाऱ्या डब्याला ५ व्होल्ट २ अँपिअरचा अॅडॉप्टर चालेल. उलटे मात्र चालणार नाही. अर्ध्या अँपिअरचा लावला, तर डबा मध्येच बंद पडेल किंवा अॅडॉप्टर तापेल.

तिसरी गोष्ट म्हणजे पिनेची दिशा. अॅडॉप्टरवर आणि डब्यावर दोन वर्तुळांचे एक छोटे चित्र असते. मधल्या टिंबाला अधिक आहे की वजा, ते त्यात दाखवलेले असते. दोन्ही चित्रे सारखी असली पाहिजेत. व्होल्ट, अँपिअर आणि दिशा, या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय पिन आत सारू नका. राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि मुलांची खेळणी यांचे अॅडॉप्टर एकाच खणात पडलेले असतात आणि दिसायला जुळ्या भावांसारखे असतात. प्रत्येकावर कागद चिकटवून वस्तूचे नाव लिहा. दहा मिनिटांचे काम आहे.

४. संगणक झोपतो आणि डब्यालाही झोपवतो

वीज सुरळीत झाली. पण चहाला उठून परत आलो की डबा पुन्हा दिसेनासा. कुणी हात लावत नसेल, तर वीज वाचवण्यासाठी संगणक रिकाम्या यूएसबी वस्तू बंद करतो. काही डबे त्यातून नीट जागे होत नाहीत.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. सर्वांत खाली युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स असते. त्यात यूएसबी रूट हबवर दोनदा दाबले की पॉवर मॅनेजमेंटचे पान येते. संगणकाला ही वस्तू बंद करण्याची परवानगी देणारी खूण तिथे असते. ती काढून टाका. तसेच पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि कॅसेट उतरवण्यापुरता स्लीपचा वेळ ‘नेव्हर’ करा. एक बाजू तीस मिनिटांची असते. तेवढा वेळ माउसला हात लागला नाही, तर संगणक स्वतःच झोपी जाऊ शकतो आणि नोंद अर्धवट राहते. काम झाल्यावर हे सगळे पूर्ववत करायला विसरू नका.

५. डबा दिसतो, आवाज नाही

आता डबा दिसतो, टिकतो, पण नोंद कोरी. हे वायरीचे दुखणे नव्हे. संगणकाला आवाज येण्याचे दोन-तीन मार्ग असतात आणि तो भलत्याच मार्गाला कान लावून बसलेला असतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून हाच डबा निवडा. नोंद करायचा प्रोग्राम, उदाहरणार्थ फुकट मिळणारे ऑडॅसिटी, उघडून त्यातही पुन्हा हाच डबा निवडा. विंडोज १० आणि त्यापुढे प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोन वापरण्याची परवानगी असते. ती बंद असेल, तर डबा दिसूनही नोंद कोरीच होते. या परवानगीने आमचा अख्खा एक दिवस खाल्ला.

संगणक फार जुना, विंडोज ७ चा असेल, तर काही नवे डबे कंपनीचे ड्रायव्हर टाकल्याशिवाय चालत नाहीत. विंडोज १० मध्ये २०१७ पासून बहुतेकांची सोय आतच आहे. आवाज तडतडत असेल, तर बाकीचे प्रोग्राम बंद करा आणि दोन्हीकडे ४४,१०० हाच आकडा ठेवा.

टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून ती डब्याच्या लाइन-इनला लावा. माइकचे भोक वेगळे असते, त्यात लावू नका. आवाजाचे बटण पाव-तृतीयांशापर्यंतच फिरवा. प्रोग्रामातली पट्टी लाल रंगाला लागता कामा नये. आवाज कमी भरला तर नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

६. गुणगुण

शेवटचे दुखणे म्हणजे मागे सतत येणारी गुणगुण. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. तेच हेलकावे आवाजात शिरतात. भाच्याने टू-इन-वनची पिन काढली आणि मोठे सेल घालून तो चालवला. गुणगुण जवळजवळ गेली. म्हणजे दोष ना कॅसेटचा, ना डब्याचा. तो घरातल्या विजेचा.

वायरमनला बोलावले. संगणकाच्या सॉकेटला अर्थिंगच जोडलेले नव्हते. पावसाळ्यात सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. आम्ही इतकी वर्षे ते हसण्यावारी नेत होतो. ते हसण्यासारखे नाही. लहान मुले असलेल्या घरात तर मुळीच नाही. आपल्याकडे तसे होत असेल, तर हे पान वाचून झाल्यावर आधी वायरमनला फोन करा. आणखी एक सांगतो. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची जाड पिन काढून टाका, असा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. गुणगुण जाईल, पण विजेचा धक्का लागला तर वाचवणारे काही उरणार नाही.

लाइट गेल्यावर संगणक इन्व्हर्टरवर चालत असेल, तेव्हा नोंद करू नका. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरींची असते. तिची घरघर आवाजात येते. आणि विजा चमकत असतील त्या दिवशी सगळ्या पिना काढून ठेवा.

मग अब्बांची कॅसेट

एवढे होईपर्यंत नऊ दिवस गेले. या नऊ दिवसांत सिनेमाची ती दहा रुपयांची कॅसेट चाळीसेक वेळा वाजली. अब्बांच्या कॅसेटना आम्ही हात लावला नाही. टू-इन-वन उघडून रबरी चाक आणि टेप घासून जाते ते डोके, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि कापसाने पुसून काढले. कापूस काळाकुट्ट झाला. पहिल्याच रात्री हे केले असते तर टेप गुंडाळली गेली नसती. चारही कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकले. ते तुकडे नसले की चुकून रेकॉर्डचे बटण दाबले जात नाही. कॅसेटच्या खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसत असेल, तर ती यंत्रात घालूच नका. आधी जाणकाराला दाखवा.

शुक्रवारी रात्री जेवण आटोपल्यावर धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. अम्मी खुर्ची ओढून बसल्या. भाच्याने वहीत तारीख लिहिली आणि प्ले दाबले.

थोडा वेळ खरखर. मग पंख्याचा आवाज. मग अब्बा खोकले. आणि विचारू लागले, पावसाआधी कौले परतून घेतली का, गड्याचे पैसे दिले का, म्हैस व्यायली का. आमचे नाव घेऊन म्हणाले की अक्षर सुधार, पत्र वाचता येत नाही. त्यांच्या खोलीत मागे कुणीतरी भांडी घासत होते. तीस मिनिटे असेच सगळे साधे बोलणे. चुरगळलेल्या जागी आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. दादीचे नाव तेवढे कळले. पुढचे काही नाही. त्या जागी काय म्हणाले, ते अम्मींना आठवत नाही. आम्ही त्यांना पुन्हा विचारले नाही.

बाजू संपली तेव्हा फोनवर बहीण एवढेच म्हणाली, “भाईजान, अब्बा तुमच्यासारखेच खोकायचे.” आणि अम्मी म्हणाल्या, “दुसरी बाजू लाव.”

चारही कॅसेट आता उतरल्या आहेत. एका तासाच्या कॅसेटला सुमारे सहाशे एमबी जागा लागते. एक प्रत संगणकात, एक पेन ड्राइव्हवर अम्मींच्या कपाटात, एक बहिणीकडे. मूळ कॅसेट त्याच बिस्किटांच्या डब्यात. प्रत झाली म्हणून मूळ टाकून देऊ नये.

कापून ठेवण्यासाठी

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.

आधी वायर, मग पोर्ट, मग वीज, मग सेटिंग, सर्वांत शेवटी डब्यावर संशय.

हब नको, पुढचे पोर्ट नको. मागचे पोर्ट, एकट्यासाठी.

अॅडॉप्टरचे व्होल्ट आणि पिनेची दिशा तंतोतंत. अँपिअर तेवढे किंवा जास्त.

अर्थची पिन कधीही काढू नका.

यंत्र पुसून घ्या. सगळी चाचणी फालतू कॅसेटवर. घरची अमानत फक्त शेवटी.

आपल्या घरी असा एखादा पत्र्याचा डबा असेल, तर तो या महिन्यात उघडून पाहा. टेप वर्षागणिक खराब होते आणि ती वाजवणारी यंत्रेही आता मिळेनाशी झाली आहेत. टू-इन-वनचा पट्टा सैल झाला असेल, तर तो घरच्या घरी कसा बदलावा, ते इन्व्हर्टरच्या उत्तरांबरोबर पुढच्या अंकात सांगू.